समस्थानिकातलं ‘स्थान’ कोणतं?

‘समस्थानिकं म्हणजे काय?’ असं आठवी-नववीच्या वर्गात विचारलं की व्याख्या धडाधड येते: अणुअंक (म्हणजे प्रोटॉनांची संख्या) समान, अणुवस्तुमानांक (प्रोटॉन अधिक न्यूट्रॉन) भिन्न. लगेच दुसरा प्रश्न टाकावा. या शब्दातलं ‘स्थान’ कोणतं? वर्ग गप्प होतो. मग चाचपडत उत्तरं येतात. केंद्रकातलं स्थान. कक्षेतलं स्थान. ते मूलद्रव्य जमिनीत जिथे सापडतं ती जागा. स्थान म्हणजे आवर्तसारणीतला चौकोन, हे उत्तर क्वचितच येतं, आणि ते येत नाही तोवर पुढचं सगळं पाठांतरावर चालतं.

हा शब्द जन्मला तोच मुळी चौकोनांच्या टंचाईतून. विसाव्या शतकाच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत किरणोत्सारी पदार्थांतून चाळीसच्या आसपास ‘नवी मूलद्रव्यं’ निघाली होती. शिसं ते युरेनियम या पट्ट्यात जागा मात्र जेमतेम अकरा-बारा. ग्लासगोला काम करणाऱ्या फ्रेडरिक सॉडी यांनी १९१३ मध्ये मांडलं की यांतली कित्येक एकाच चौकोनात बसतात. वस्तुमान निराळं, पण रासायनिक क्रियेने ती एकमेकांपासून वेगळी करता येत नाहीत. मार्गारेट टॉड या डॉक्टर बाईंनी त्यांना ग्रीकमधून ‘आयसोटोप’ हे नाव सुचवलं. ‘आयसॉस’ म्हणजे सम, ‘टोपॉस’ म्हणजे स्थान. मराठी शब्द त्याचा सख्खा जुळा आहे. न्यूट्रॉन सापडायला तेव्हा अजून एकोणीस वर्षं होती, तो चॅडविक यांना १९३२ मध्ये मिळाला. म्हणजे समस्थानिकं आधी दिसली आणि त्यांचं कारण मागाहून कळलं. पुस्तकात हा क्रम उलटा होतो, त्यामुळे एवढा छान गुंता कोणी सोडवला होता याचा पत्ताच लागत नाही.

तरीही शिकायला सुरुवात इतिहासापासून करू नये असं आमचं मत आहे. थॉमसन यांचं प्लम पुडिंग, रदरफर्ड यांचा सोन्याचा पत्रा, बोर यांच्या कक्षा अशी अणूच्या जुन्या-नव्या प्रतिकृतींची रांग लावली की मुलं तीन चुकीची-बरोबर चित्रं एकदम डोक्यात घेतात आणि परीक्षेत त्यांची मिसळ उतरते. आधी मोजायला शिकावं. अणूत तीनच जिन्नस मोजायचे आहेत.

चार जणांच्या एका गटाला ३० राजमे, ४० काबुली चणे, चमचाभर मोहरी आणि जुन्या कॅलेंडरचं एक पाठकोरं पान पुरतं. राजमा म्हणजे प्रोटॉन, चणा म्हणजे न्यूट्रॉन, मोहरी म्हणजे इलेक्ट्रॉन. एवढ्यात कॅल्शिअमपर्यंतची पहिली वीस मूलद्रव्यं बसतात. पानाच्या मधोमध वाटी ठेवून वर्तुळ काढायचं, त्याभोवती बशी, ताटली, ताट, परात अशी एकाबाहेर एक चार वर्तुळं. पंखा बंद ठेवावा. मोहरी घरंगळते, आणि एक दाणा हरवला की अख्ख्या गटाचा हिशोब बिघडतो. बाहेरच्या वर्तुळांवर आधीच दुहेरी चिकटपट्टी लावून ठेवली तर हा त्रास वाचतो. राजमा आणि चणा वजनाला साधारण सारखे निघतात, ते इथे सोयीचं आहे, कारण प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांच्या वस्तुमानात हजारात एखाद-दीड भागाचाच फरक असतो. मोहरीचं प्रमाण मात्र चुकतं. इलेक्ट्रॉन प्रोटॉनच्या सुमारे १८३६ वा हिस्सा. राजमा अर्धा ग्रॅम धरला तर इलेक्ट्रॉन पाव मिलिग्रॅमहून थोडा जास्त यायला हवा, आणि मोहरी भरते तीन मिलिग्रॅमच्या आसपास. खसखशीचा दाणा जवळजवळ बरोबर बसतो, पण तो चिमटीत येत नाही. तेव्हा मोजायला मोहरी घ्यावी, आणि वजनाची कल्पना यावी म्हणून खसखशीचा एक दाणा राजम्याशेजारी ठेवून दाखवावा.

सुरुवात हायड्रोजनपासून: एक राजमा, चणा नाही, बाहेर एक मोहरी. हेलिअम दोन-दोन-दोन. मग थेट कार्बन, सहा-सहा-सहा. कार्बनचा कागद मांडून झाला की तो मोडायचा नाही. खरं काम इथे आहे. एका वेळी एकच जिन्नस हलवायचा आणि दर वेळी एकच प्रश्न विचारायचा: हा अजून कार्बनच आहे का?

पहिल्यांदा बाहेरची एक मोहरी उचलायची. कार्बनच आहे, फक्त धनप्रभारित. याला आयन म्हणतात. मोहरी परत ठेवायची आणि आत दोन चणे वाढवायचे. अजूनही कार्बनच, पण जड: कार्बन-१४. हे समस्थानिक. चणे काढून घ्यायचे आणि एक राजमा वाढवायचा. आता हा कार्बन राहिला नाही, नायट्रोजन झाला, आणि प्रभार समान करायचा तर बाहेर एक मोहरीही वाढवावी लागेल. मोहरी हलली की आयन, चणा हलला की समस्थानिक, राजमा हलला की मूलद्रव्यच बदललं. पंधरा मिनिटांचा हा खेळ तीन-चार वेगवेगळ्या मूलद्रव्यांवर केला की व्याख्या पाठ करायची गरज उरत नाही. मुलं ती स्वतःच्या शब्दांत सांगतात, आणि ती बहुतेक वेळा छापील व्याख्येहून बरी असते.

इथे हमखास होणारी चूक सोडिअमच्या आयनात दिसते. सोडिअमला अकरा प्रोटॉन, अकरा इलेक्ट्रॉन. त्याच्या धन आयनात प्रोटॉन किती, असं विचारलं की निम्मा वर्ग ‘बारा’ लिहितो. कारण सरळ आहे: अधिकचं चिन्ह दिसलं म्हणजे काहीतरी वाढलं असणार, असं बेरजेच्या सवयीने वाटतं. प्रत्यक्षात एक इलेक्ट्रॉन गेला, म्हणून धनप्रभाराची बाजू वरचढ ठरली. कागदावरून मोहरी उचलून दाखवली की हा घोळ मिटतो. फळ्यावर कितीही समजावलं तरी तो आठवड्याने परत येतो.

दुसरी चूक छपाईची देणगी आहे. अणूच्या संज्ञेत अणुवस्तुमानांक डोक्यावर आणि अणुअंक पायाशी लिहितात. आवर्तसारणीच्या बहुतेक तक्त्यांत मात्र अणुअंक वर आणि वस्तुमान खाली छापलेलं असतं. मुलं तक्त्याची सवय संज्ञेला लावतात आणि युरेनियम-२३५ ला २३५ प्रोटॉन देऊन मोकळी होतात. ‘वरचा-खालचा’ शिकवण्यापेक्षा ‘मोठा-लहान’ शिकवावं. दोनांतला मोठा आकडा नेहमी अणुवस्तुमानांक, म्हणजे प्रोटॉन अधिक न्यूट्रॉन. लहान आकडा अणुअंक, म्हणजे नुसते प्रोटॉन. मोठ्यातून लहान वजा केला की न्यूट्रॉन. युरेनियम-२३५ मध्ये २३५ वजा ९२, म्हणजे १४३. साध्या हायड्रोजनमध्ये दोन्ही आकडे एकच असतात आणि न्यूट्रॉन शून्य येतात. हा अपवाद आधीच सांगून ठेवावा, नाहीतर हुशार मूल तिथेच अडतं.

कागदावरच्या चित्रात एक मोठं खोटं आहे, तेही त्याच दिवशी कबूल करून टाकावं. केंद्रक एवढं ढळढळीत दिसत नाही. हायड्रोजनचं केंद्रक मोहरीएवढं, म्हणजे दोन मिलिमीटर व्यासाचं धरलं, तर इलेक्ट्रॉनचा वावर सुमारे ६३ मीटर अंतरावर येतो. क्रिकेटच्या मैदानात खेळपट्टीच्या मध्यावर मोहरी ठेवा, इलेक्ट्रॉन सीमारेषेपाशी. मधलं सगळं मैदान मोकळं. रदरफर्ड यांच्या हाताखाली काम करणाऱ्या गायगर आणि मार्सडेन यांनी १९०९ मध्ये मँचेस्टरला अल्फा कणांचा (किरणोत्सारी पदार्थांतून सुटणाऱ्या जड, धनप्रभारित कणांचा) मारा करून पाहिला तेव्हा प्लॅटिनमच्या पत्र्यावरून सुमारे आठ हजारांतला एक कण मागे फिरला, त्याचा अर्थ मैदानातली ही मोहरी पाहिली की लागतो. रदरफर्ड यांचा प्रयोग सांगायची जागा ही. आधी सांगितला तर तो गोष्ट म्हणून लक्षात राहतो, एवढंच.

कवचांचा, म्हणजे कागदावरच्या बाहेरच्या वर्तुळांचा, भाग लवकर उरकता येतो. २, ८, ८ हे आकडे आणि संयुजा यांत मुलांना फारशी अडचण येत नाही, एक जागा सोडून. तिसऱ्या कवचात सूत्राप्रमाणे १८ इलेक्ट्रॉन मावतात. मग पोटॅशिअमचं संरूपण २, ८, ९ का नाही, २, ८, ८, १ का? कारण तिसऱ्या कवचाच्या उरलेल्या भागापेक्षा चौथ्या कवचाची पहिली जागा ऊर्जेच्या दृष्टीने खालची असते. धारकता किती आणि भरण्याचा क्रम कोणता, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. आठवीला एवढं पुरे.

खरी रखडपट्टी होते ती क्लोरीनपाशी. तक्त्यात क्लोरीनसमोर ३५.५ लिहिलेलं असतं, अणुअंक १७. मुलं वजाबाकी करतात आणि न्यूट्रॉन १८.५ असं उत्तर लिहितात. काही जण अर्धा न्यूट्रॉन पटत नाही म्हणून १९ करतात. त्यांचं चुकत नाही, त्यांना दिलेला आकडाच निराळ्या जातीचा आहे. अणुवस्तुमानांक ही मोजदाद आहे, ती एका अणूची असते आणि नेहमी पूर्णांकात येते. तक्त्यातलं अणुवस्तुमान ही सरासरी आहे, ती ढिगाची असते. क्लोरीनच्या दर शंभर अणूंपैकी सुमारे ७६ अणू ३५ चे आणि २४ अणू ३७ चे. ढोबळ हिशोबाला ७५ आणि २५ घ्यावेत: ७५ गुणिले ३५ म्हणजे २६२५, २५ गुणिले ३७ म्हणजे ९२५, बेरीज ३५५०, भागिले शंभर, ३५.५. या सरासरीइतक्या वजनाचा क्लोरीनचा एकही अणू जगात नाही.

हे हाताला जाणवावं म्हणून वजनकाटा आणावा. एक ग्रॅमपर्यंत अचूक असा स्वयंपाकघरातला काटा चालतो. ७५ सुके वाटाणे आणि २५ राजमे एकत्र करून तोलायचे आणि शंभराने भागायचं. मग त्या वजनाचा एक तरी दाणा ढिगातून शोधून दाखवा, असं म्हणायचं. इथे दोन गोष्टी बिघडतात. एक, दहा-वीस दाण्यांवरच प्रयोग आटोपला तर एका ग्रॅमचा काटा काहीच धड दाखवत नाही. शंभर दाणे हवेतच. दोन, मुलं वाटाण्याचं आणि राजम्याचं वजन घेऊन सरळ दोनाने भागतात. तसं केलं तर क्लोरीनचं उत्तर ३६ येतं. ‘तीन वाटाण्यांमागे एक राजमा आहे, मग दोघांना सारखा मान कसा?’ एवढं विचारलं की भारित सरासरीचं सूत्र न सांगता समजतं.

पुढच्या वर्गातल्या मुलांसाठी हेच गणित उलटं द्यावं. तांब्याचं अणुवस्तुमान ६३.५५, समस्थानिकं ६३ आणि ६५, तर प्रत्येकी किती टक्के? पूर्णांकांनी सोडवलं तर तांबे-६५ चं प्रमाण २७.५ टक्के येतं. खरं प्रमाण ३०.८ टक्क्यांच्या जवळ आहे. चूक रीतीत नाही, आकड्यांत आहे. तांबे-६३ च्या अणूचं प्रत्यक्ष वस्तुमान ६२.९३० आणि तांबे-६५ चं ६४.९२८ एकक. तेच आकडे घालून गणित केलं की उत्तर बरोबर येतं. प्रत्यक्ष वस्तुमान पूर्णांकाहून थोडं कमी भरतं, कारण केंद्रक बांधलं जाताना काही ऊर्जा बाहेर जाते आणि तेवढं वस्तुमान घटतं. सरावाच्या पुस्तकांत हे गणित बिनदिक्कत पूर्णांकांनी सोडवलेलं असतं. क्लोरीनला ते खपून जातं, तांब्याला खपत नाही.

हे प्रमाण सगळीकडे सारखंच का धरायचं, हा प्रश्न मुलांकडून आला तर दिवस सत्कारणी लागला. उरण-पेणच्या मिठागरातलं मीठ घ्या की डोंगरातून खणलेलं सैंधव, क्लोरीनचं प्रमाण तेच, तिनास एक. पृथ्वी बनली तेव्हाच ही मिसळ झालेली आहे आणि रासायनिक क्रिया ती फारशी विस्कटू शकत नाहीत. शिसं मात्र याला अपवाद. युरेनियमचा ऱ्हास होत होत शेवटी शिसे-२०६ उरतं आणि थोरिअमपासून शिसे-२०८, त्यामुळे कोणत्या खनिजातलं शिसं आहे यावर त्याचं अणुवस्तुमान हलतं. १९१४ मध्ये हे मोजून दाखवलं गेलं तेव्हा सॉडी यांच्या म्हणण्याला भक्कम पुरावा मिळाला.

आवर्तसारणीतला एक जुना विसंवादही इथेच उलगडतो. आरगॉनचं अणुवस्तुमान ३९.९५, पोटॅशिअमचं ३९.१०, तरी आरगॉन आधी का? चौकोन ठरतो प्रोटॉनवरून, वजनावरून नाही. मोझली यांनी १९१३ मध्ये क्ष-किरणांच्या मोजमापांतून अणुअंकाला हा पक्का आधार दिला. पण आरगॉन एवढा जड का भरतो? कारण हवेतला जवळजवळ सगळा आरगॉन हा आरगॉन-४० आहे, आणि तो खडकांतल्या पोटॅशिअम-४० च्या ऱ्हासातून कोट्यवधी वर्षं साठत आलेला आहे. पोटॅशिअम-४०, आरगॉन-४०, कॅल्शिअम-४० ही समभारांची (अणुवस्तुमानांक समान, अणुअंक भिन्न) छापील उदाहरणं मुलं कोरडेपणाने पाठ करतात. ती एकाच घराण्यातली आहेत हे कुठे सांगितलेलं नसतं. पोटॅशिअम-४० चे सुमारे ८९ टक्के अणू कॅल्शिअम होतात, बाकीचे आरगॉन. हा आरगॉन लाव्हा थिजल्यावर खडकात अडकतो, आणि तो मोजूनच सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाचं वय साडेसहा कोटी वर्षांच्या घरातलं असल्याचं कळलं.

यावरून एक गैरसमज उपटून काढायला वाट मिळते: समस्थानिक म्हणजे किरणोत्सारी. क्लोरीनची दोन्ही स्थिर आहेत, तांब्याचीही. तुमच्या ताटातलं मीठ समस्थानिकांनी भरलेलं आहे. उलट पोटॅशिअम-४० किरणोत्सारी आहे आणि तेही केळ्यात आहे. मध्यम केळ्यातल्या पोटॅशिअममध्ये दर सेकंदाला पंधराच्या आसपास केंद्रकं फुटतात. मोठ्या माणसाच्या शरीरात चार हजारांवर. हा आकडा ऐकून मुलं दचकतात, तेव्हा लगेच दुसरा सांगावा: त्या केळ्यातले पोटॅशिअमचे अणू लक्ष-कोटींच्याही कितीतरी पलीकडचे आहेत.

ऱ्हास होताना नेमकं काय होतं, ते पुन्हा कागदावर. कार्बन-१४ मांडा: सहा राजमे, आठ चणे. आतला एक चणा उचला, त्याजागी राजमा ठेवा, आणि एक मोहरी कागदाबाहेर भिरकावून द्या. सात-सात झाले, नायट्रोजन-१४. एकूण चौदा तसेच राहिले, म्हणून अणुवस्तुमानांक बदलला नाही. अणुअंक एकाने वाढला. बीटा ऱ्हास तो हाच. (सोबत एक न्यूट्रिनोसारखा हलका कणही जातो, कोणी विचारलंच तर सांगावं.) ‘मग चण्याच्या पोटात मोहरी होती का?’ हा प्रश्न ठरलेला आहे. नव्हती. इलेक्ट्रॉन त्या क्षणी निर्माण होतो, न्यूट्रॉनमध्ये दडून बसलेला नसतो. न्यूट्रॉन म्हणजे प्रोटॉन अधिक इलेक्ट्रॉन, असं वहीत लिहिलेलं आढळलं तर खोडून टाकावं.

रासायनिक वागणं सारखं, केंद्रकाचं वागणं वेगळं, हे ठसवायला महाराष्ट्रात उदाहरणांची वाण नाही. तारापूरच्या अणुवीज केंद्रात दोन तऱ्हेच्या अणुभट्ट्या शेजारी-शेजारी आहेत. १९६९ पासूनच्या पहिल्या दोन साध्या पाण्यावर चालणाऱ्या, आणि २००५-०६ मध्ये आलेल्या तिसरी-चौथी जड पाण्याच्या. नैसर्गिक युरेनियममध्ये हजार अणूंत जेमतेम सात अणू सहज विखंडन होणाऱ्या, म्हणजे फुटून दोन तुकडे होणाऱ्या, २३५ चे. विखंडनातून सुटलेले न्यूट्रॉन धिमे करावे लागतात, आणि साध्या पाण्यातला हायड्रोजन ते काम करता करता काही न्यूट्रॉन स्वतःच गिळतो. म्हणून साध्या पाण्याच्या भट्टीत २३५ चं प्रमाण वाढवलेलं इंधन लागतं. जड पाण्यात साध्या हायड्रोजनऐवजी ड्यूटेरिअम हे त्याचं जड समस्थानिक असतं. त्याच्या पोटात एक न्यूट्रॉन आधीच असतो, तो दुसरा फारसा घेत नाही, आणि त्यामुळे नैसर्गिक युरेनियमवर भागतं. राजमा-चण्याच्या भाषेत सांगायचं तर सगळा फरक एका चण्याचा. हे जड पाणी बनवणारा एक कारखाना अलिबागजवळ थळला आहे. निसर्गात सुमारे ६४०० हायड्रोजन अणूंमागे एक ड्यूटेरिअम सापडतो, त्यावरून ते वेगळं काढणं किती चिवट काम असेल याचा अंदाज यावा. जड पाण्याचा रेणू २० चा, साध्याचा १८ चा. आकारमान जवळजवळ तेच, म्हणून घनता ११ टक्क्यांच्या आसपास जास्त. त्याचा बर्फ साध्या पाण्यात बुडतो. ‘रासायनिक गुणधर्म समान’ हा नियम हायड्रोजनला लावताना जरा हात राखावा, कारण इथे वस्तुमान एकदम दुप्पट होतं. इतर मूलद्रव्यांत फरक त्यामानाने बराच कमी असतो.

थायरॉइडवर आयोडीन-१३१ का चालतं? शरीराला ते रोजच्या मिठातल्या आयोडीन-१२७ पासून ओळखता येत नाही. इलेक्ट्रॉन तेवढेच, रचना तीच. ग्रंथी ते आपलं म्हणून उचलते, आणि आत गेल्यावर केंद्रक आपलं काम करतं. लासलगावला कांद्यावर विकिरण करणारं केंद्र आहे, तिथे कोबाल्ट-६० लागतं. निसर्गातला कोबाल्ट सगळा ५९ चा, स्थिर. अणुभट्टीत त्याने एक न्यूट्रॉन घेतला की ६०. त्याचा अर्धायुकाल (निम्मे अणू फुटायला लागणारा काळ) ५.२७ वर्षं, म्हणजे स्रोत दरवर्षी बारा टक्क्यांच्या आसपास क्षीण होतो, आणि तीच मात्रा द्यायला माल तितका जास्त वेळ ठेवावा लागतो. ‘मग तो कांदा किरणोत्सारी होतो का?’ नाही होत. कोबाल्टचे गॅमा किरण कांद्यातल्या केंद्रकांची मोजदाद बदलत नाहीत: राजमा हलत नाही, चणाही हलत नाही. कोंब फुटण्याची क्रिया तेवढी बंद पडते.

अर्धायुकाल शब्दांनी सांगू नये, फासे टाकून दाखवावा. सापशिडीचे शंभर फासे जमवणं जड जातं. वीस फासे पाचदा टाकून बेरीज केली तरी चालते. ज्याच्यावर सहा येईल तो फुटला, बाजूला काढायचा, उरलेले मोजून लिहायचे, पुन्हा टाकायचे. हिशोबाने शंभराचे ८३, ६९, ५८, ४८ व्हायला हवेत, म्हणजे अर्धे उरायला चार टाकण्यांना थोडं कमी. नाण्यांनी केलं तर एका टाकण्यात अर्धे, पण त्यात एक धोका आहे: ‘अर्धायुकाल म्हणजे एक फेरी’ असं मनात बसतं. म्हणून फासे बरे. जुन्या पद्धतीने चिंचोके फोडून केलेले फासे तर त्याहून मजेचे. पांढरी बाजू आणि काळी बाजू यांची शक्यता सारखी नसते, त्यामुळे अर्धायुकाल किती टाकण्यांचा ते आधी माहीत नसतं, शोधावंच लागतं. समजा, शंभरांतले चाळीस पांढरे पडून बाद झाले, तर साठ, मग छत्तीस, आणि अर्धायुकाल सव्वा ते दीड टाकण्यांच्या मध्ये. प्रत्येक मूलद्रव्याचा आपला वेगळा काळ असतो, तसा प्रत्येक गटाच्या चिंचोक्यांचा वेगळा निघतो.

काय बिघडतं? एक, मुलं हिशोबाचे आकडे आधी ऐकतात आणि आपली मोजणी त्यांना जुळवून घेतात. म्हणून अपेक्षित आकडे शेवटीच सांगावेत. शंभर नाण्यांत छापे ४० ते ६० च्या दरम्यान आले तर ते चोख आहे. दर वेळी नेमके ५० आले तर उलट वही तपासावी. दोन, ‘दोन अर्धायुकालांत सगळं संपतं’ ही समजूत. आयोडीन-१३१ चे आठ दिवस: आठ दिवसांनी निम्मं, सोळा दिवसांनी पाव, ऐंशी दिवसांनी हजारातला एखादा भाग. तीन, कार्बन-१४ ने काहीही मोजता येतं हा समज. त्याचा काळ ५७३० वर्षं. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या उत्खननातला तीन हजार वर्षांपूर्वीचा कोळसा घेतला तर त्यात मूळच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास कार्बन-१४ शिल्लक असणार, ते मोजता येतं. पन्नास हजार वर्षांपलीकडे मोजण्याजोगं काही उरत नाही. डायनासोरला कार्बन लावणारी उत्तरं तरी दरवर्षी येतात.

फासे टाकताना शेवटचे तीन-चार उरले की वर्गात एकदम कोलाहल होतो. कोणाचा फासा पहिल्याच टाकण्यात जातो, कोणाचा विसाव्यातही जात नाही. ‘हा म्हातारा झाला, आता जाईलच’ असं कोणीतरी म्हणतं. फाशाला आधीच्या टाकण्यांची आठवण नसते, केंद्रकालाही नसते; पाच हजार वर्षं टिकलेल्या कार्बन-१४ च्या अणूची पुढच्या वर्षी फुटण्याची शक्यता कालच तयार झालेल्या अणूइतकीच असते. मग कोणता फुटेल हे सांगता येत नसताना आठ दिवसांचा आकडा एवढा पक्का कसा? एक मिलिग्रॅम आयोडीन-१३१ मध्ये सुमारे ४६ वर सतरा शून्यं इतके अणू असतात. फळ्यावर ते सगळे शून्य लिहून काढायला लावावेत, आणि खाली आपल्या फाशांची संख्या: १००.